कुंपणावरचा वेलनेचा कसा ओळखायचा: जागा, हंगाम आणि खुणा

नेचा म्हटलं की विहिरीच्या कठड्याला फुटलेला, ओल्या भिंतीतून डोकावणारा किंवा जंगलात जमिनीतून झुपक्याने वर आलेला नेचा आठवतो. दुसऱ्याच्या अंगावर चढणारा, काट्याकुट्यांना विळखे घालत माणसाच्या डोक्यावर जाणारा नेचा सहसा कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. म्हणूनच कोकणात आणि गोव्यात गडग्यांवर (दगड रचून केलेल्या कुंपणांवर), करवंदीच्या जाळ्यांवर तो उघड्यावर वाढत असला, तरी ‘कसली तरी वेल आहे’ म्हणून लोक पुढे जातात.

हा लेख लायगोडियम या नेच्याबद्दल आहे. आपल्याकडच्या दोन देशी जाती इथे घेतल्या आहेत. लायगोडियम फ्लेक्सुओसमला मी मोठा वेलनेचा म्हणेन आणि लायगोडियम मायक्रोफायलमला छोटा वेलनेचा. कोकण, घाटपायथा आणि गोवा इथे मोठाच जास्त भेटतो. मध्य भारतातल्या ओलसर जंगलांतही तो आहे. छोट्याला पाणी जवळ लागतं, त्यामुळे तो मुद्दाम शोधावा लागतो.

मोठ्याची कागदोपत्री ओळख जुनी आहे. मलबारचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान र्‍हीड याने करवून घेतलेला, मलबारच्या वनस्पतींवरचा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात बारा खंडांत छापला गेला. त्याच्या शेवटच्या खंडात हा नेचा ‘वल्ली पन्ना’ या मल्याळी नावाने चितारलेला आहे. त्याच ग्रंथाच्या पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन कोकणी वैद्यांचं नागरी लिपीतलं प्रमाणपत्र छापलंय, हे जाता जाता सांगायला हवं. पुढे १७५३ मध्ये स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने याला शास्त्रीय नाव दिलं, पण ‘ऑफिओग्लॉसम’ या दुसऱ्याच प्रजातीत टाकून. लायगोडियममध्ये तो नंतर आला.

शोधायला निघण्याआधी: ही वेल नाही, पान आहे

ओळखीच्या बाकी सगळ्या खुणा या एका गोष्टीवर उभ्या आहेत, म्हणून ती आधी.

कुंपणावर चढलेली ती लांबच लांब दोरी खोड नव्हे. नेच्याचं खरं खोड जमिनीखाली आडवं सरपटत असतं आणि त्यावर काळपट केस असतात. त्या खोडातून एक पान वर येतं आणि त्याची मधली शीर, म्हणजे पानाचा कणा, वाढतच राहतो. आंब्याचं पान ठरावीक लांबीचं झालं की थांबतं. हे पान थांबत नाही. शेंडा आकड्यासारखा वळलेला ठेवून ते आधार चाचपत फिरतं, मिळेल त्याला विळखा घालतं आणि वर जातं. दोन्ही बाजूंना जी ‘पानं’ दिसतात ते त्या एकाच पानाचे तुकडे आहेत, त्यांना पर्णिका म्हणायचं.

याचा फायदा पुढे पावलोपावली होतो. फुलझाडाच्या वेलीला पानाच्या बगलेत कळी असते, फूल असतं, फांदी फुटते. इथे त्यातलं काहीच मिळणार नाही. शिवाय सगळी दोरी हे एकच पान असल्याने तळाचा भाग जुना, शेंड्याचा कोवळा आणि मधला तिसऱ्याच अवस्थेत असतो. तळाकडच्या पर्णिका रुंद, पंजासारख्या फाटलेल्या असतात, तर वरच्या, बीजाणू (नेचा बियांऐवजी ज्या बारीक कणांनी पसरतो ते) धरणाऱ्या पर्णिका अरुंद आणि लहान. एकच पर्णिका तोडून ‘हे काय आहे?’ विचारणाऱ्याला म्हणूनच दोन वेगळी उत्तरं मिळू शकतात. एक दोरी धरा आणि ती जमिनीपासून शेंड्यापर्यंत पाहा. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच क्रमाने आहेत.

पायरी १: योग्य महिना

पहिल्या पावसानंतर जमिनीतून गुंडाळलेले, लवदार कोंब वर येतात. या वेळी ओळख पटवायला जाऊ नये. कोंब इतर नेच्यांच्या कोंबांसारखेच दिसतात आणि पर्णिका उलगडलेल्या नसतात. रानभाजी म्हणून तर हे कोंब मुळीच खुडू नका. पावसाळ्याच्या सुरुवातीला रानात भाजीला म्हणून जे जे खुडलं जातं, त्यात चुकून भलतंच काही येण्याची शक्यता तेव्हाच सर्वांत जास्त असते.

श्रावणापर्यंत दोरी चांगली चढलेली असते आणि पर्णिका पूर्ण उघडतात. आकार बघायला हा काळ उत्तम. मात्र जाती खात्रीने सांगायची असेल तर भाद्रपद संपू द्यावा. पाऊस ओसरता ओसरता वरच्या पर्णिकांवर बीजाणू धरू लागतात आणि दिवाळीच्या आगेमागे ते व्यवस्थित दिसतात. एकदाच जायला जमणार असेल तर मी ऑक्टोबर-नोव्हेंबर निवडेन. अडचण एवढीच की गणपतीच्या तोंडावर रस्त्याकडेची झाडी मारली जाते आणि त्यात हाही जातो. अशा वेळी रस्ता सोडून आतल्या पाणंदीला वळावं.

उन्हाळ्यात उघड्या जागेवरचा मोठा वेलनेचा वाळतो. तपकिरी, कडक दोऱ्या कुंपणात अडकून राहतात आणि जमिनीखालचं खोड जिवंत असतं. वणवा लागून वरचं सगळं जळालं तरी तेच खोड पुढच्या पावसात पुन्हा कोंब काढतं. वाळलेल्या दोऱ्यांवर अनेकदा जुन्या पर्णिका तशाच असतात, त्यामुळे मार्चमध्येही जागा हेरून ठेवता येते. बारमाही पाण्याजवळचा नेचा मात्र वर्षभर हिरवा राहू शकतो.

पायरी २: जागा वाचणं

वेलनेच्याला तीन गोष्टी लागतात. पायाशी ओल, डोक्यावर उजेड आणि मध्ये धरायला काहीतरी. या तिन्ही एकत्र मिळतात त्या जागा बहुतेक काठावरच्या असतात, म्हणून गर्द जंगलाच्या पोटात शिरण्यापेक्षा त्याच्या कडेकडेने चालावं.

कोकणात सुरुवात जांभ्या दगडाच्या गडग्यापासून करा. गडग्याच्या सावलीच्या बाजूला पालापाचोळा साठतो, माती भुसभुशीत असते आणि पाऊस थांबल्यावरही ओल टिकते. वर करवंद, कुसर, घोटवेल यांची जाळी असते. नेचा पायथ्याशी उगवतो आणि त्या जाळीतून वर येतो. काजूच्या बागेची न साफ केलेली कड, बांबूच्या बेटाचा बाहेरचा घेर, पाणंदीच्या दोन्ही बाजू, देवराईची सीमा, घाटरस्त्याच्या कडेची झुडपं, या सगळ्या मोठ्या वेलनेच्याच्या जागा. उघड्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, तो मिळत नाही. तिथे पावसाळ्यात पाणी साचलं तरी माती पातळ असते, आधार नसतो आणि पाऊस गेला की कातळ तापतो. सड्याला भेग असेल आणि त्या भेगेत झुडपं वाढली असतील तर मात्र एकदा डोकावून बघा.

छोट्या वेलनेच्यासाठी पाण्याच्या मागे जावं लागतं. वहाळाच्या (ओढ्याच्या) काठावरची झुडपं, दलदलीच्या कडा, पाणी झिरपत राहतं असे उतार, गोव्यातल्या कुळागरांचे (सुपारीच्या बागांचे) पाट आणि त्यालगतचं न मोडलेलं रान इथे बघा. मोठा वेलनेचा ओलीच्या जवळपास असला तरी त्याला चालतं. छोट्याचे पाय जवळजवळ ओल्यातच असतात. फरक सूक्ष्म वाटेल, पण जागा बघून अंदाज बांधताना तो बराच उपयोगी पडतो. मात्र जागा अंदाजासाठी असते, निर्णयासाठी नव्हे. वहाळाकाठी मोठाही मिळतो.

सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्डे इथलं जायफळवर्गीय झाडांचं दलदलीचं जंगल किंवा गोव्यात सत्तरीतली निरंकाराची राई अशा जागांचं नाव निघालं की नेचेप्रेमींचे पाय शिवशिवतात. तिथे गेलात तर वाटेवरून बघा आणि दलदलीत उतरू नका. त्या चिखलातून वर आलेली गुडघ्याच्या आकाराची मुळं झाडाच्या श्वासासाठी असतात आणि ती पायाखाली मोडतात. शिवाय वेलनेचा शोधायला इतक्या दुर्मीळ जागेची गरजच नाही. तो गावाच्या कुंपणावर भेटतो.

सामान आणि सावधगिरी

दहापटीचं हातभिंग हवंच. त्याच्याशिवाय चौथी पायरी होत नाही. मोजपट्टी, फोन, वही, एवढं पुरे.

ज्या जाळ्यांवर हा नेचा असतो त्याच जाळ्यांवर खाजकुयलीही असते. हिवाळ्यात तिच्या शेंगांवरची सोनेरी लव वाऱ्यानेही उडते आणि अंगाला लागली की दिवस वाया. जाळीत हात घालण्याआधी वर बघून घ्या. आंबोली, तिलारी, चोर्ला या पट्ट्यात झुडपाच्या फांदीवर चापडा हा साप निश्चल बसलेला असतो. हिरवा असेल तर पानांत दिसतही नाही. तो विषारी आहे. म्हणून दोरी ओढून खाली आणायची नाही, आपणच तिच्याजवळ जाऊन बघायचं. पावसाळ्यात जळवा असतातच, त्याची तक्रार नको.

पायरी ३: खालून वर

आता एक दोरी निवडा, शक्यतो अशी की जिचा तळ आणि शेंडा दोन्ही दिसतात.

तळाशी ती काडीएवढी, वरवर गुळगुळीत आणि तपकिरी किंवा पिवळट हिरवी असते. बोटांत फिरवून बघा. वरच्या भागात दोन्ही कडांना बारीकशी पट्टी जाणवते. काटे नाहीत, ताणे नाहीत, चिकटणारी मुळं नाहीत. चढण्याचं सगळं काम विळख्यावर चालतं. ताणा दिसला तर ती दुसरी वेल आहे, तिथेच थांबा.

आता या दोरीवरून वर जात पहिल्या फाट्यापाशी या. सगळ्या ओळखीत सर्वांत भरवशाची खूण इथे आहे आणि बहुतेकांची नजर तिच्यावरून नुसती सरकून जाते. कण्यातून एक अगदी आखूड देठ बाहेर येतो, काही मिलिमीटरचा. तो लगेच संपतो. त्याच्या टोकाशी केसांनी झाकलेली एक बारीकशी गाठ असते आणि गाठीच्या दोन बाजूंना दोन पिसांसारखे भाग फुटतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. ती गाठ म्हणजे झोपलेला डोळा. वरचा शेंडा तुटला, गुरांनी खाल्ला किंवा कोयत्याने छाटला की हा डोळा जागा होऊन नवी वाढ सुरू करू शकतो. भिंग लावून ती गाठ बघाच. आखूड देठ, टोकाला केसाळ डोळा आणि दोन बाजूंना जोडी, ही रचना कुंपणावरच्या कोणत्याही फुलवेलीत मिळणार नाही.

गाठ सापडली की निम्मं काम झालं. आता जोडीतला एक भाग घ्या. मोठ्या वेलनेच्यात तो साधारण वीतभर लांब असतो, कधी त्याहून थोडा जास्त. त्यावर पर्णिका एकाआड एक लागलेल्या असतात. खालच्या पर्णिकांचा तळ पंजासारखा फाटलेला असतो आणि त्यातलं मधलं बोट इतरांपेक्षा बरंच लांब, भाल्यासारखं निमुळतं. शेंड्याची पर्णिकाही लांबट. कडांना बारीक दाते असतात.

आता एक पर्णिका न तोडता उजेडासमोर धरा. मधल्या शिरेतून बारीक शिरा तिरक्या निघतात, दुभंगतात आणि थेट कडेपर्यंत जातात. एकमेकींना मिळून जाळी करत नाहीत. बहुतेक रुंदपानी वेलींमध्ये, घोटवेल किंवा करांद्याचं पान उजेडासमोर धरलं तर, शिरांची जाळी स्पष्ट दिसते. हा तपास फोनच्या टॉर्चवरही होतो. पर्णिकेमागे टॉर्च धरा आणि पुढून फोटो घ्या, शिरा फोटोत उतरतात.

शेंड्याशी पोहोचलात की वाढणारं टोक बघा. ते आत वळलेलं असतं. नेच्याचा कोंब जसा गुंडाळलेला असतो, तसंच हे दोरीचं टोक.

पायरी ४: काठावरच्या दशा

बीजाणू धरलेली पर्णिका एकदा बघितली की वेलनेचा आयुष्यात पुन्हा चुकत नाही. बहुतेक नेच्यांत बीजाणूंचे ठिपके किंवा रेघा पानाच्या पाठीवर असतात. इथे पर्णिकेच्या कडेलाच बारीक बोटं फुटलेली असतात, लुगड्याच्या पदराला दशा सोडाव्यात तशी. प्रत्येक दशी काही मिलिमीटर लांब असते. क्वचित एखादी सेंटीमीटरच्या आसपास जाते.

दशीची खालची बाजू भिंगाखाली घ्या. मधोमध एक शीर आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकेक रांग दिसते. प्रत्येक रांगेत एकावर एक चढलेले छोटे खवले आहेत. ते खवले म्हणजे टोप्या, आणि प्रत्येक टोपीखाली एकच बीजाणुपुटी, म्हणजे बीजाणूंची पिशवी, बसलेली असते. कोवळेपणी सगळं हिरवट असतं, पिकत जाईल तसं तपकिरी होतं, मग टोप्या उघडतात. पिकलेली दशी पांढऱ्या कागदावर हलकेच टिचकी मारून झटकली तर बारीक तपकिरी पूड पडते. तेच बीजाणू.

इथे एक फसगत आहे. छोट्या वेलनेच्यावर एक सूक्ष्म कोळीकीटक राहतो, त्याचं नाव फ्लोराकारस पेरेपी. तो लागला की पर्णिकेच्या कडा गुंडाळल्या जातात, जाडसर होतात आणि लांबून बीजाणू धरल्याचा भास होतो. भिंग लावलं की फरक कळतो. कीड लागलेल्या कडेची सलग गुंडाळी असते. दशा सुट्या असतात आणि त्यांवर टोप्यांच्या दोन रांगा असतात. गुंडाळलेली कड पाहून ‘बीजाणू आहेत’ असं नोंदवू नका. कीड असेल तर तेच लिहा, ती नोंदही कामाची असते.

पायरी ५: मोठा की छोटा

या दोघांत निवाडा करताना पर्णिकेच्या आकारावर भिस्त ठेवू नका. सावलीतला मोठा आणि उन्हातला मोठाही एकमेकांपासून वेगळे दिसतात. खात्रीची खूण सांध्याची आहे.

छोट्या वेलनेच्यात प्रत्येक पर्णिकेला नीट दिसणारा बारीक देठ असतो आणि देठ पर्णिकेला मिळतो तिथे सांधा असतो. जुनी पर्णिका वाळली की बरोबर सांध्याशी गळते, देठाचा किंचित फुगीर टोकाचा तुकडा मागे राहतो. जुन्या भागात असे रिकामे देठ रांगेने उभे असलेले दिसले तर तो छोटा. मोठ्या वेलनेच्यात सांधा नसतो. पर्णिका वाळली तरी लटकत राहते, नाहीतर फाटून जाते.

बाकीच्या खुणा जोडीला घ्याव्यात. छोट्याच्या पर्णिका बहुतेक दीड ते तीन सेंटीमीटरच्या, त्रिकोणी किंवा लांबट अंडाकृती, तळाशी सपाट किंवा किंचित हृदयाकार, आणि त्यांना पंजा नसतो. सगळा पिसारा नाजूक दिसतो. त्याचं जमिनीखालचं खोड लांबवर सरपटतं, त्यामुळे एका जागी दिसला की आसपास अनेक दोऱ्या वर आलेल्या मिळतात. मोठ्याच्या दोऱ्या साधारण एका ठिकाणाहून उठतात.

हे दोनच पर्याय महाराष्ट्र-गोव्यापुरते धरले आहेत. हिमालयाच्या पायथ्याला आणि ईशान्येकडे लायगोडियम जापोनिकम भेटतो. त्याच्या पर्णिका जास्त बारीक चिरलेल्या असतात. सुट्टीत तिकडे गेलात तर ही दोन खणांची चौकट सोबत नेऊ नका.

गोंधळ घालणारे शेजारी

कपाळफोडी सगळ्यांत जास्त फसवते. तिचीही पानं चिरलेली, कडांना दाते, आणि तीही कुंपणावर चढते. पण तिला ताणे असतात, बारीक पांढरी फुलं येतात आणि फुगलेले तीनधारी फुगे लागतात. फुलं-फळं नसतानाही ताणा शोधला की प्रश्न मिटतो. शतावरीचा पिसारा लांबून नेच्यासारखा वाटतो, पण दोरीला काटे असतात. करांदा, घोटवेल, गुंज यांचा प्रश्नच येत नाही, एकदा पान उजेडासमोर धरलं की झालं.

खरा घोळ दुसऱ्या एका नेच्याशी होतो, डिक्रॅनॉप्टेरिस लिनिॲरिसशी. केरळ, कोडगू, आगुंबे या भागात रस्ता खोदून उघड्या पडलेल्या लाल मातीच्या भिंती याने झाकून टाकलेल्या दिसतात. हाही पसरतो, हाही एकमेकांच्या अंगावर रेलून कमरेपर्यंत गच्च जाळी करतो आणि याच्याही दुभाग्यात झोपलेला डोळा असतो! म्हणजे तिसऱ्या पायरीतली खूण इथे एकटी पुरत नाही. फरक असा. तो विळखा घालत नाही, नुसता रेलतो. त्याचे फाटे पुन्हा पुन्हा दुभंगत जातात, दोनाचे चार, चाराचे आठ. पर्णिका देठ नसलेल्या, सरळ आणि दोन्ही बाजूंना ओळीने चिकटून लागलेल्या. पान उलटलं की खालची बाजू फिकट, निळसर पांढरी दिसते आणि त्यावर बीजाणूंचे उघडे गोल ठिपके असतात. काठाला दशा नाहीत. जागाही वेगळी: त्याला निकस, आंबट माती आणि भरपूर ऊन चालतं, दरड कोसळलेल्या उतारावर तो आधी येणाऱ्यांपैकी असतो.

खाडीकाठच्या दलदलीत स्टेनोक्लीना पॅलस्ट्रिस हा आणखी एक चढणारा नेचा मिळू शकतो. त्याच्यात चढतं ते खरं खोड, मुळांनी झाडाला धरून. पानं चामड्यासारखी, पिसाप्रमाणे एकदाच विभागलेली आणि कोवळेपणी तांबूस. विळखा नाही एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

परदेशातल्या वाचकांसाठी

अमेरिकेत, विशेषतः फ्लोरिडात राहणाऱ्यांनी हा भाग जरा नीट वाचावा. आपल्याकडे देशी आणि गुमान राहणारा छोटा वेलनेचा तिथे शोभेचं झाड म्हणून गेला, १९६० च्या दशकात रानात सुटलेला आढळला आणि आज एव्हरग्लेड्सच्या पाणथळ भागातली झाडांची बेटं त्याच्या ओझ्याखाली दबली आहेत. एकेक पान तीस मीटरपर्यंत चढतं. वणवा लागला की जमिनीवरची आग या वाळक्या दोऱ्यांवरून झाडाच्या शेंड्यापर्यंत पोचते. त्याला आवर घालायला २००८ मध्ये निओम्युसोटिमा कॉन्स्परकॅटॅलिस हा छोटा पतंग तिथे सोडण्यात आला. वर सांगितलेला कोळीकीटकही त्याच कामासाठी सोडला आहे. इकडे खाणारे आणि रोग लावणारे सोबतीला असतात, तिकडे तो त्यांना मागे सोडून गेला होता. आपल्या कुंपणावर कीड लागलेली दिसली म्हणून औषध मारायला धावू नये, ते याचसाठी.

या जातीत एकटा बीजाणूही नवी वस्ती उभी करू शकतो. त्यामुळे तिथे ओळख पटवताना दशा झटकू नका, बूट आणि कपडे जागेवरच झटकून पुसा, नमुना घरी आणू नका. फोटो काढून स्थानिक यंत्रणेला कळवा. उलट, त्याच देशाच्या पूर्व भागात लायगोडियम पामाटम ही त्यांची स्वतःची देशी जात आहे. सजावटीसाठी लोक ती इतकी ओरबाडत होते की १८६९ मध्ये कनेक्टिकट राज्याने तिच्या रक्षणासाठी कायदा केला. वेलनेचा दिसला म्हणजे उपटा, असा सरसकट नियम तिथेही करता येत नाही.

फोटो, नोंद, नमुना

ओळख दुसऱ्या कोणाकडून पक्की करून घ्यायची असेल तर चांगले फोटो नमुन्याचं काम करतात. हिरव्या गर्दीचा एकच फोटो टाकून ‘ओळखा पाहू’ म्हणणाऱ्यांना उत्तर मिळत नाही, आणि मिळू नये. असे फोटो घ्या: आजूबाजूच्या जागेसह पूर्ण दोरी, तळाजवळच्या पर्णिका, आखूड देठ आणि डोळा अगदी जवळून, वरच्या पर्णिका दोन्ही बाजूंनी, पर्णिका देठाला मिळते तो बिंदू, आणि दशांची खालची बाजू. शेवटच्या दोन फोटोंसाठी हातभिंग फोनच्या कॅमेऱ्यावर घट्ट धरलं की काम भागतं. फोटोत मोजपट्टी ठेवा. हे सगळे फोटो एकाच दोरीचे असावेत, शेजारच्या दोन दोऱ्या मिसळू नका.

नोंद इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल किंवा आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळांवर टाकता येते. तारीख, गाव, साधारण उंची, जागेचं वर्णन (‘जांभ्याचा गडगा, उत्तरेची बाजू, करवंदीवर चढलेला’ एवढं तरी), बीजाणू होते की नव्हते, आणि कोणत्या झाडावर चढला होता ते लिहा. नुसतं ‘रस्त्याकडेला’ लिहिलं तर दुसऱ्या कोणाला त्याचा काही उपयोग नाही.

वाळवून नमुना करायचा असेल तर अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान आणि देवराई सोडून द्या. पहिल्या दोन ठिकाणी वन्यजीव कायद्याने परवानगी लागते, तिसऱ्या ठिकाणी गावाची. खाजगी कुंपणावरचा मालकाला विचारून घ्यावा. जमिनीखालचं खोड उपटू नका. दोरीचा तळाकडचा एक तुकडा आणि दशांसह वरचा एक तुकडा पुरतो. दोन्ही वर्तमानपत्रात पसरून, काही पर्णिका उलट्या ठेवून, वजनाखाली दाबा. पहिले काही दिवस कागद रोज बदला. पावसाळी हवेत बदलला नाही तर बुरशी धरते आणि पर्णिका काळ्या पडतात. छोट्या वेलनेच्याच्या पर्णिका वाळताना सांध्याशी गळतात, म्हणून गळलेल्या पर्णिकांसाठी कागदाची छोटी पुडी करून नमुन्याशेजारीच ठेवा आणि पुडीवर तोच क्रमांक घाला. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाचा आणि आघारकर संशोधन संस्थेचा, तर मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातला ब्लॅटर, असे वनस्पतिसंग्रह आहेत. तिथे जाण्याआधी पत्र किंवा ई-मेल पाठवून वेळ ठरवा आणि नमुन्यासोबत फोटोही न्या, कारण वाळलेल्या दोरीत विळखा कसा होता ते दिसत नाही.